मदत हवी आहे: गोल्फ स्विंगमध्ये अंग नेमकं कुठून वळवायचं?

मंडळी, नाशकात 'गोल्फ क्लबला चाललोय' म्हटलं की समोरचा विचारतो, चालायला की मॅच बघायला? क्रिकेटच्या अनंत कान्हेरे मैदानाचं ते नाव काही लोकांच्या तोंडून जात नाही. मी मात्र खरंच गोल्फ खेळतो, सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर.

उजव्या हाताने खेळतो. सात नंबरचं आयर्न (मधल्या पल्ल्याची काठी) बरं बसतं. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) घेतला की चेंडू डावीकडे निघतो आणि मधेच उजवीकडे पळतो. जो तो सांगतो, 'खांदे अजून वळव'. मोबाइलवर शूटिंग केलं, तर क्लब (काठी) मागे वर गेल्यावर पाठ जवळजवळ टार्गेटकडे असते. मग अजून किती वळवू? खाली येताना मात्र उजवा खांदा पुढे उसळतो, पोट चेंडूकडे जातं आणि मी ताठ होतो. संध्याकाळी कंबर धरते. काम दिवसभर खुर्चीतलं.

कंबर 45 अंश, खांदे 90 अंश हा हिशोब सगळ्यांनाच लागू आहे का? आणि खाली येताना आधी काय फिरवायचं? कृपया व्हिडिओ सुचवू नका, बघून बघून डोकं गरगरतंय.

सिन्नरकर:
90 चा हट्ट सोडा. अंग आखडलेलं असेल तर डावी टाच थोडी उचलू द्या. गोल्फर जॅक निकलस टाच उचलूनच खेळायचा आणि 18 मेजर (गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकला. तुमचं वळण पुरेसं आहे, क्रम चुकतोय. खांदे आधी सुटले की क्लब बाहेरून आत येतो, फेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) त्या रेषेला उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहतो, आणि चेंडू उजवीकडे वळतो. आधी वजन डाव्या पायावर, मग कंबर, मग छाती, हात सगळ्यात शेवटी. सीमारेषेवरून थ्रो करताना पाय आधी पडतो ना, तसंच.

घरी करून बघा: क्लब न घेता कमरेतून वाका, बूड भिंतीला टेकवा, हात छातीवर. मागे वळताना उजवी बाजू भिंतीला दाबली जाते, खाली येताना डावी. भिंत सुटली की समजा पोट पुढे गेलं. मग रेंजवर पाय जुळवून उभे राहा आणि क्लब वर पोचायच्या आत डावा पाय टाकून मारा.

फिजिओताई:
कमरेचे मणके फारसे फिरत नाहीत. वळण खुब्यातून आणि पाठीच्या वरच्या भागातून यायला हवं. तिथे आखडलं की भार कमरेवर येतो. खुर्चीत गुडघे जुळवून बसा, काठी खांद्यांवर आडवी धरा आणि दोन्हीकडे वळून बघा. साधारण 45 अंश जमत नसेल तर आधी ते मोकळं करा. कळ पायात उतरत असेल तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा.

धागाकर्ता:
ताई, कळ पायात नाही, नुसती कंबर. सिन्नरकर, भिंतीपाशी करून पाहिलं. डावी बाजू टेकतच नाही, त्याआधीच भिंत सुटते. पाय टाकून मारायचं ते ड्रायव्हरनेच करू का?

सिन्नरकर:
छे! आयर्नने, चेंडू टीवर (छोट्या खुंटीवर) ठेवून, अर्ध्या ताकदीने. ड्रायव्हर काही दिवस गाडीतच राहू द्या.