कॅसेट लावण्याआधी

"जुन्या मित्राशी गाण्यांपलीकडे बोलायला काही उरत नाही" असं कुणी म्हटलं, तर ते मला पटत नाही. कॉलेजात मी आणि माझा एक मित्र पुण्याच्या रमणबागेत सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला रात्र रात्र बसायचो. आता महोत्सव मुकुंदनगरला भरतो, तिथेच तो पुन्हा भेटला आणि मारवा रागावरून निघालेल्या गप्पा त्याच्या वडिलांच्या आजारपणापर्यंत गेल्या. इतकं मोकळं तो कॉलेजातही बोलला नव्हता!

अशा मित्रांनी एकमेकांना गाणी भरून दिलेल्या कॅसेट कुणाकडे असतील तर थेट वाजवू नका. आधी एकदा शेवटपर्यंत पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेली टेप मोकळी होते. ९० मिनिटांच्या कॅसेटची टेप ६० वालीपेक्षा पातळ असते, ती विशेष जपा. पहिल्यांदा वाजवतानाच संगणकावर उतरवून घ्या, आणि मित्रालाही प्रत द्या.