मदत हवी आहे : खाजनासाठी यंत्र बनवलेल्या मुलांची परीक्षकांच्या प्रश्नांसाठी तयारी कशी करून घ्यावी?

नमस्कार. मी गोव्यात तिसवाडी तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. आमच्या नववीच्या तिघांनी एक यंत्र बनवलं आहे आणि राज्य पातळीवरच्या फेरीसाठी त्यांची निवड झाली आहे. पाच मिनिटं सादरीकरण, मग परीक्षकांचे प्रश्न. यंत्र चांगलं चालतं. अडचण पुढची आहे, म्हणून हा धागा.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं खाजनाबद्दल. मांडवी-झुआरीच्या काठची सखल जमीन आमच्या पूर्वजांनी मातीचे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखली, तिला खाजन म्हणतात. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारांची मोरी. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने दारं बाहेर उघडतात आणि साचलेलं पाणी नदीत जातं. भरती चढली की बाहेरच्या दाबाने ती आपोआप मिटतात. पावसाने जमिनीतलं मीठ धुतलं की भाताची लावणी होते. पण दारांचं लाकूड कुजलं, किंवा खेकड्यांनी बांध पोखरला, तर खारं पाणी गुपचूप आत झिरपतं आणि रोपं पिवळी पडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. कोरगुटासारखं जुनं भात बरंच मीठ सोसतं, पण त्यालाही मर्यादा आहे.

मुलांचं यंत्र मानशीच्या आतल्या बाजूच्या पाण्यात बसतं. पाण्याची विद्युतवाहकता मोजतं (पाणी जितकं खारं तितकी ती जास्त), ठरावीक आकड्यावर गेली की शेतकऱ्याच्या मोबाईलवर एसेमेस पाठवतं. छोटं सोलर पॅनल, बॅटरी, पीव्हीसी पाइपचं घर. सुरुवातीला त्यांनी इलेक्ट्रोडना साधा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह दिला होता. त्यावर बुडबुडे यायचे, तारा झिजायच्या, आकडा सरकत राहायचा. मग स्वतः वाचून त्यांनी प्रवाहाची दिशा सतत उलटसुलट करायची व्यवस्था केली. हे मी सांगितलेलं नाही, त्यांनीच शोधलं, आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

आता अडचण. शाळेत सराव घेतला तेव्हा भाषण खणखणीत झालं, कारण पाठ होतं. मग आमच्या भूगोलाच्या सरांनी विचारलं, "म्हातारे शेतकरी पाणी जिभेला लावून खारटपणा ओळखतात, मग हे यंत्र कशाला?" तिघंही गप्प. ज्याने सर्किट जोडलं तो मुलगा तर मान खाली घालूनच बसला. बोलायची जबाबदारी दुसऱ्या मुलीकडे आहे, कारण तिचं इंग्रजी चांगलं.

तर विचारायचं आहे ते असं. प्रश्नांची उत्तरं लिहून पाठ करून घ्यावीत का? मला ते पटत नाही, पण स्पर्धा जवळ आली आहे. कमी बोलणाऱ्याला किती पुढे करावं? सभागृहात नदी नसते, मग प्रात्यक्षिक कसं दाखवावं? आणि एका पालकांचा आग्रह आहे की पेटंट होईपर्यंत आतलं काही सांगूच नये. तसं केलं तर परीक्षकांना सांगायचं तरी काय?

प्रतिसाद १

टीचर, मी शालेय प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसलो आहे. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या वाक्याला ओळखू येतं. उत्तरं पाठ करून घेऊ नका, प्रयोग करून घ्या.

उदाहरणार्थ, मी हमखास विचारेन, "दुपारी पाणी तापतं तेव्हा तुमचा आकडा वाढतो का?" वाढतोच. पाणी एक अंश तापलं की वाहकता साधारण २ टक्क्यांनी वाढते. सकाळी २५ अंशांवर असलेलं उथळ पाणी दुपारी ३५ वर गेलं, तर मीठ तेवढंच असूनही आकडा पाचव्या हिश्शाने फुगतो आणि खोटा इशारा जातो. यंत्रात तापमापक आहे का? नसेल तर बसवा. त्याआधी मुलांना एकच पाणी गार आणि गरम करून मोजू द्या, आलेख त्यांनीच काढू दे. तो आलेख ज्याने काढला, तो प्रश्न आला की आपसूक बोलतो.

दुसरा प्रश्न, "इशाऱ्याचा आकडा कुठून आणला?" भाताचं उत्पादन मातीच्या अर्काची, म्हणजे भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची वाहकता ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या (हे वाहकतेचं एकक) वर गेली की घटू लागतं, असं सर्वसाधारणपणे धरतात. समुद्राचं पाणी ५० च्या आसपास असतं. पण मुलं पाणी मोजतात, माती नाही. हा फरक त्यांनी स्वतःहून सांगितला तर मी जास्त गुण देईन. रोप कोवळं असताना आणि फुलोऱ्यात भाताला मीठ सर्वांत जास्त बाधतं, तेव्हा आकडा हंगामाप्रमाणे बदलावा का, यावर तिघांना आपसात वाद घालू दे.

प्रात्यक्षिकाला तीन बरण्या पुरेत : नळाचं पाणी, मानशीजवळचं पाणी आणि लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेलं, म्हणजे जवळपास समुद्राइतकं खारं. सभागृहात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून एसेमेससोबत बझर आणि दिवाही लावा.

सर्किटवाल्या मुलाकडे भाषण देऊ नका, त्याच्या हातात यंत्र द्या. डीसी का सोडला, हे त्याला झिजलेली तार दाखवून सांगू दे. ती तार टाकून दिली नसेल ना? नोंदवही आणि बिघडलेले जुने नमुने टेबलावर ठेवाच. भाषेचं म्हणाल तर उत्तर कोकणीत किंवा मराठीत दिलं तर चालेल का, हे आयोजकांना आधीच विचारून घ्या.

प्रतिसाद २

पेटंटबद्दल पालकांची काळजी निराधार नाही. अर्जाआधी रचना जाहीर झाली तर नावीन्य जातं. कायद्यात प्रदर्शनासाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती. शाळांच्या स्पर्धेला ती आपोआप लागू होत नाही.

पण म्हणून गप्प बसायची गरज नाही. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज आधी करता येतो, त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. गोव्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात आणि ऑनलाइन भरता येतात. व्यक्तीने भरला तर शुल्क १६०० रुपये. एवढं लक्षात ठेवा की शेतीची पद्धत पेटंटला पात्र नाही, उपकरण असू शकतं. वाहकता मोजून इशारा देणारी यंत्रं आधीपासून आहेत, तेव्हा तुमच्यात नवं काय हे मुलांना एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. परीक्षकही तेच विचारतील.

प्रतिसाद ३

मी खाजनात भात करतो. जिभेच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून घ्या. जीभ बरोबर सांगते, पण रात्रीच्या भरतीला बांधावर जीभ घेऊन कोण जाणार? आमची बरीच पोरं आता शहरात नोकरीला आहेत.

पण मुलांना एक विचारा. एसेमेस मला आला, तरी मानस माझ्या हातात असते का? मानशीवर मासळी पकडण्याच्या हक्काचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला खारं पाणी आत आलेलं हवं असतं, त्यातून मासे आणि सुंगटं (कोळंबी) येतात. भातवाल्याला ते नको असतं. कितीतरी शेतं याच ओढाताणीत पडीक गेली. तेव्हा इशारा एकट्या शेतकऱ्याला न जाता कुळांच्या संघाला आणि मानस सांभाळणाऱ्यालाही एकाच वेळी जाऊ दे. कुणी किती वाजता पाणी सोडलं याची नोंद राहिली, तर आमची अर्धी भांडणं मिटतील. यंत्राचा खरा उपयोग मला तरी तिथे दिसतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. झिजलेली तार त्या मुलाच्या कंपासपेटीत आहे, त्याने जपून ठेवली आहे! तापमापक नाही, उद्याच आणते.

प्रतिसाद ३ वाले दादा, रविवारी ओहोटीच्या वेळी मुलांना घेऊन तुमच्या बांधावर आले तर चालेल का? सादरीकरण आम्ही करणार नाही. मुलं फक्त तुम्हाला प्रश्न विचारतील आणि तुम्ही त्यांना. जमणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फेरीबोटीची वेळ बघून येते.