शस्त्रपरवाने वाढवले की गुन्हे घटतात? बीडवरून सुरू झालेला वाद

धागाकर्ता
काल एकाने लिहिलं: "बीडमध्ये परवाने रद्द कसले करता, प्रत्येक सरळ माणसाला पिस्तूल द्या, गुंड सुतासारखे सरळ होतील." वाचून डोकंच फिरलं. बीड जिल्ह्यात हजारावर परवाने आधीच होते! डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, तेव्हा कुठे गेला या पिस्तुलांचा धाक? उलट हवेत बार काढतानाचे व्हिडिओ फिरले आणि मग प्रशासनाला परवाने रद्द करावे लागले.

बाराबोर
त्या सरपंचांना पाइप-रॉडनं मारलं, गोळी घालून नाही. ते खापर परवान्यांवर फोडू नका. देशात बंदुकीनं होणाऱ्या खुनांत बहुतेक हत्यारं विनापरवानाच असतात. चोपड्यापलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या उमर्टीत बनलेला गावठी कट्टा घेणारा कलेक्टर कचेरीत अर्ज करत नाही. सरळ माणसानं मात्र पोलीस पडताळणी करून घ्यायची, प्रशिक्षणाचा दाखला जोडायचा, हत्यार कुठे कुलपात ठेवणार ते लिहून द्यायचं. 2019 पासून तर तीनऐवजी दोनच हत्यारं.

धागाकर्ता
रॉडचं मान्य, तिथे मी चुकलो. पण रस्त्यात गाडी अडवून पाच-सहाजण उतरले की कमरेचं रिव्हॉल्वर काढायला उसंत कुठे मिळते? कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या .32 रिव्हॉल्वरमध्ये गोळ्या सहा. घरी ठेवलं तर ते रिकामं, कुलपात, काडतुसं वेगळी. आणि चोरीला गेलं की तेच विनापरवाना! अमेरिकेतही हा दावा तपासला गेलाय. पिस्तूल बाळगायची मोकळीक देणाऱ्या कायद्यांनी गुन्हे घटतात की वाढतात, ते हाती असलेल्या आकड्यांवरून ठरत नाही, असं तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीनं 2004 मध्येच सांगितलं.

बाराबोर
मग सिंधुदुर्गाचं काय? घरोघरी बंदुका, गुन्हे कमी.

भातखाचर
आमचं नाव घेताय तर नीट घ्या. ती शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक. नळीत दारू ओता, बोळा ठासा, छर्रे टाका, वर पुन्हा बोळा, गजानं दाबा, मग मागच्या निपलवर, म्हणजे भोक असलेल्या बोंडावर, केप (ठिणगी पाडणारी टोपी) बसवा. बार एकच, आणि पुन्हा भरायला मिनिटभर तरी. पावसाळी हवेत दारू सर्दावते, निपलचं भोक काजळीनं बुजतं, केप फुटते पण बार उडत नाही. चोर असल्या बंदुकीला भिऊन लांब राहतो, हे कुणी सांगितलं?

आमचं दुखणं वेगळंच. 15 ऑक्टोबर 2024 ला आचारसंहिता लागली, म्हणजे ऐन भातकापणीत. बंदुका ठाण्यात जमा, रानडुकरं शेतात. कुणाची बंदूक जमा करायची ते ठरवायला निवडणूक आयोगाच्या सूचनेत छाननी समिती आहे. जामिनावर सुटलेले, गुन्हे नोंदलेले, दंगलीत नाव आलेले, यांचे परवाने आधी बघा म्हणतात. तरी सरसकट नोटिसा येतात.

धागाकर्ता
विषय गुन्ह्यांचा आहे, डुकरांचा नाही!

भातखाचर
एका रात्रीत खाचर उकरून निघतं, मग कळेल विषय कुणाचा आहे ते. शिवाय तेल न देता दोन महिने पडलेल्या नळीला आतून गंज चढतो. तशीच भरली तर नळी फाटून हात जातो. जमा करण्याआधी केप काढा, नळी रिकामी करा, गरम पाण्यानं धुऊन कोरडी पुसा, आतून तेलाचा बोळा फिरवा आणि पावतीवर बंदुकीचा नंबर ताडून घ्या.

बाराबोर
सरसकट जमा करणं चूकच. आणि ठीक आहे, सिंधुदुर्गाचं उदाहरण मागे घेतो. उमर्टीचं नाही.