घरातलं एकच रोप, इंडिका: शांत वाटण्यासाठी बी कसं निवडू, काढणी कधी करू?

रातपाळी:

नमस्कार मंडळी. मी राहतो तिथे सज्ञान माणसाला घरात ठरावीक संख्येने गांजाची रोपं लावायला कायद्याने मुभा आहे. त्या मुभेत बसणारं एकच रोप या हंगामात लावायचं ठरवलंय. माझ्या कामाच्या पाळ्या अशा, की घरी येईपर्यंत अंग मोडून गेलेलं असतं, पण डोकं काही थांबत नाही. दारू मला मानवत नाही. गांजाचे इंडिका आणि सॅटिव्हा असे दोन प्रकार सांगतात. मित्र म्हणतो, "इंडिका घे, अंग सैल पडेल. सॅटिव्हा घेतलीस तर डोकं आणखी धावेल." बियांच्या याद्या चाळल्या, तर प्रत्येकीवर टक्केच टक्के. इंडिका ८०, सॅटिव्हा २०. टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, २५, टीएचसी २८. जितका आकडा मोठा तितकं बी भारी, असाच सूर दिसतो.

जागा म्हणाल तर एक लहान खोली, त्यात रोपं वाढवायचा तंबू आणि एलईडी दिवा. टोमॅटो, मिरच्या कुंड्यांत घेतल्या आहेत, त्यामुळे माती-पाण्याचा अंदाज आहे. इंडिका म्हटलं की शांतच वाटणार, हे कितपत खरं? बी निवडताना नेमकं काय बघू? आणि काढणी लांबवली की झोप आणणारा माल मिळतो म्हणतात, त्यात तथ्य आहे का?

मातीचा वास:

रातपाळी, मी बरीच वर्षं ही झाडं वाढवते आहे, तुमच्यासारखीच परवानगीच्या मर्यादेत. माझं मत आता पक्कं झालंय. पाकिटावरचा "इंडिका" हा शब्द झाडाच्या अंगकाठीबद्दल खरं सांगतो. तुमची संध्याकाळ कशी जाईल, याबद्दल मात्र तो जवळजवळ काहीच सांगत नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये या झाडाला "कॅनाबिस सॅटिव्हा" हे नाव दिलं. पुढे १७८५ मध्ये लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून "कॅनाबिस इंडिका" ही वेगळी जात मांडली. आज बियांचे विक्रेते ज्याला इंडिका म्हणतात ते हिंदुकुशच्या पट्ट्यातलं बुटकं, झुडपासारखं, रुंद पानांचं झाड. पण गेल्या काही दशकांत संकर इतके झाले, की ८०-२० असले आकडे वंशावळीचा ढोबळ अंदाज सांगतात, याहून जास्त काही नाही. २०२१ मध्ये "नेचर प्लांट्स"मध्ये एक अभ्यास आला होता. त्यात शंभराहून जास्त नमुन्यांची जनुकं आणि रसायनं तपासली. इंडिका आणि सॅटिव्हा अशी लेबलं लावलेल्या झाडांचे जनुकीयदृष्ट्या दोन स्वच्छ गट पडलेच नाहीत. फरक दिसला तो थोड्याशा सुगंधी द्रव्यांत. इंडिका म्हणवणाऱ्यांत मिरसीनसारखी मातकट वासाची द्रव्यं जास्त, सॅटिव्हा म्हणवणाऱ्यांत फार्नेसीनसारखी, गोडसर वासाची. म्हणजे वाढवणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या नाकाने वास घेऊन लेबलं चिकटवली, असं म्हणायला जागा आहे. मला ही गोष्ट फार आवडते, कारण नाकावर विश्वास ठेवायला ती बळ देते.

म्हणून बी निवडताना टीएचसीच्या मोठ्या आकड्याकडे सरळ पाठ फिरवा. डोकं थांबत नाही ही तुमची तक्रार आहे, आणि टीएचसी जास्त झालं की नेमकं तेच बिघडतं. छाती धडधडते, विचार गरगरतात. शिकागोत २०१७ साली एक प्रयोग झाला होता. निरोगी माणसांना टीएचसीच्या गोळ्या देऊन, मग ताण येईल असं काम करायला लावलं. ७.५ मिलिग्रॅम घेतलेल्यांचा ताण हलका झाला. १२.५ मिलिग्रॅम घेतलेल्यांचं मन उलट आणखी खट्टू झालं. पाच मिलिग्रॅमच्या फरकाने चित्र पालटलं! इंडिका की सॅटिव्हा यापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे.

मी तुमच्या जागी असते तर टीएचसी आणि सीबीडी (याच झाडातलं, नशा न आणणारं द्रव्य) साधारण सारखं असलेलं बी घेतलं असतं, एकास एक म्हणतात ते. बुटक्या, इंडिका अंगाच्या झाडांतही असे वाण मिळतात. वर्णनात मातकट, औषधी, लव्हेंडरसारखा किंवा मिरीसारखा वास लिहिला असेल तर तिकडे वळा. मातकट वास मिरसीनचा. गवती चहातही ते असतं. लव्हेंडरचा लिनॅलूलचा, मिरीचा कॅरिओफिलीनचा. मिरसीनमुळेच गुंगी येते हे माणसांवर सिद्ध झालेलं नाही, पण वास आवडतो त्या फुलांनी मन निवतं हा माझा अनुभव आहे आणि मी त्याच्यावरच निवड करते. एकच रोप लावणार आहात, तेव्हा फेमिनाइज्ड, म्हणजे मादी रोपंच देणारं बी घ्या. साध्या बियांतून साधारण निम्मी रोपं नर निघतात, आणि नराला कामाची फुलं धरत नाहीत.

आता तुमच्या खोलीपुरतं बोलायचं, तर इंडिकाची अंगकाठी खरंच सोयीची. झाड उंच जात नाही, फांद्या आखूड राहतात, आणि फुलोरा ७ ते ९ आठवड्यांत तयार होतो. लांब पानांच्या उष्ण प्रदेशी वाणांना १० ते १४ आठवडेही लागतात. वाढीच्या काळात १८ तास उजेड, फुलं धरायला १२ तास उजेड आणि १२ तास सलग अंधार. तो अंधार पुरता हवा. तंबूच्या चेनमधून किंवा एखाद्या यंत्राच्या लुकलुकत्या दिव्यातून उजेड शिरत राहिला, तर झाड बिथरतं आणि मादीवरही नर फुलं येऊ शकतात. माती, खत, पाणी यात तुम्हाला शिकवण्यासारखं काही नाही. टोमॅटो जमले त्याला हे जमतं. फक्त फुलं धरल्यावर नत्राचा हात आखडता घ्या आणि कुंडीचा वरचा थर सुकल्याशिवाय पाणी घालू नका.

इंडिकाचा खरा धोका तिच्या फुलांच्या घट्टपणात आहे. तुरे इतके दाट भरतात, की आत हवाच जात नाही, आणि राखाडी बुरशी मधोमध सुरू होते. बाहेरून तुरा सुंदर दिसत असतो, आतून तपकिरी भुगा झालेला. तुऱ्यातलं एखादंच छोटं पान अचानक सुकलेलं दिसलं, तर तो तुरा उघडून बघा. फुलोऱ्यात हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, लहान पंखा सतत चालू असू द्या, आणि झाडाच्या पोटातली, उजेड न मिळणारी पानं आधीच काढून टाका.

तुम्ही मिरच्या लावता म्हणून हे आवर्जून सांगते. भुरी आली किंवा लाल कोळी दिसला की आपला हात फवारणीच्या बाटलीकडे जातो. इथे तसं करू नका. फुलं तुम्ही जाळून किंवा तापवून घेणार आहात. भुरीवर सर्रास वापरलं जाणारं मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक तापलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघतो. फुलोरा सुरू झाल्यावर माझ्या झाडावर काहीही फवारलं जात नाही. बुरशी लागलेला भाग मी टाकून देते, कितीही जीव तुटला तरी.

काढणीचं उत्तर आता. तुऱ्यांवर काचेच्या टाचणीसारखे बारीक दाणे दिसतात, ते ट्रायकोम. भिंगातून बघा. आधी ते पारदर्शक असतात, मग दुधाळ होतात, मग मधासारखे पिवळे. पिवळे होतात तसं टीएचसी झिजून त्याचं काही प्रमाणात सीबीएन नावाचं दुसरं द्रव्य होतं, आणि सीबीएनने झोप येते म्हणून "उशिरा काढा" हा सल्ला. पण सीबीएनच्या या ख्यातीला आधार फार तोकडा आहे, आणि उभ्या झाडात ते तयार होतं तेही किंचित. थांबून थांबून तुम्ही टीएचसी आणि वास दोन्ही घालवता. बहुतेक दाणे दुधाळ आणि अधूनमधून एखादा पिवळा दिसला, की मी कात्री घेते.

आणि मग खरं काम सुरू होतं. लोक चार महिने झाड जपतात आणि चार दिवसांत ते वाळवून मोकळे होतात, याचं मला फार वाईट वाटतं. मिरसीन, लिनॅलूल ही उडून जाणारी द्रव्यं आहेत. उन्हात, हीटरजवळ किंवा पंख्याच्या थेट झोतात वाळवलंत तर ज्या वासासाठी बी निवडलं तोच हवेत गेला, आणि उरलेली फुलं घशाला खरखरतात. अंधारी जागा, १५ ते २० अंश तापमान, ५५ ते ६० टक्के आर्द्रता, फांद्या उलट्या टांगलेल्या. दहा दिवस लागले तर लागू द्या. बारीक काडी वाकण्याऐवजी कट्‌कन मोडली, की फुलं काचेच्या बरणीत भरा. बरणी पाऊण भागच भरायची. आत आर्द्रतेचं छोटं मापक टाकून ठेवा. काटा ५८ ते ६२च्या मध्ये राहायला हवा. पहिले दोन आठवडे रोज झाकण उघडून हवा बदला. अमोनियासारखा वास आला, तर फुलं ओली आहेत, बाहेर पसरा. महिनाभराने तोच वास गोल आणि खोल झालेला असतो.

चांदणवेल:

मी रुग्णालयात परिचारिका आहे, त्यामुळे झाडापेक्षा माणसाबद्दल लिहिते. रातपाळी, झोपेसाठी रोज घेऊ नका. सुरुवातीला झोप लवकर लागते हे खरं, पण टीएचसीने स्वप्नांची झोप कमी होते आणि रोजच्या वापराने शरीराला सवय होते. मग तेवढ्याने भागत नाही, आणि बंद केलं की काही रात्री झोप उडते, भडक स्वप्नं पडतात. लोकांना वाटतं आपल्याला त्याशिवाय झोपच येत नाही, आणि ते पुन्हा सुरू करतात. हे चक्र मी खूपदा पाहिलंय. आठवड्यात मोकळे दिवस ठेवा.

झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असतील, वॉरफरीनसारखं रक्त पातळ करणारं औषध असेल, तर आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सीबीडीसुद्धा यकृतातून जाताना इतर औषधांच्या वाटेत येतं. ते "नुसतं नैसर्गिक" म्हणून सोडून देऊ नका. घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर माझा सल्ला एकच, यापासून लांब राहा. घेतल्यावर त्या रात्री गाडीला हात लावायचा नाही.

कलम_वाचक:

हा धागा भारतातूनही वाचला जाईल म्हणून लिहितो. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या कायद्यानुसार (१९८५) परवान्याशिवाय गांजाचं एक रोप लावणं हाही गुन्हा आहे, आणि लागवडीसाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कॅनडात २०१८पासून संघराज्याच्या कायद्याने एका घरात चार रोपं चालतात, काही प्रांतांचे नियम वेगळे. जर्मनीत एप्रिल २०२४पासून प्रत्येक सज्ञान माणसाला तीन. दुसऱ्या देशातल्या नातेवाइकाला मुभा आहे म्हणून बी किंवा फुलं सोबत घेऊन विमानात बसू नका. दोन्ही देशांत मुभा असली तरी फुलं सीमेपलीकडे नेणं गुन्हाच ठरतं.

रातपाळी:

तिघांचेही आभार. एकास एकचं बी ठरवलं, आणि आठवड्यात दोनच संध्याकाळी, असं बायकोसमोर कबूल केलं. मातीचा वास ताई, एक राहिलं. मी कधीच सिगारेट ओढलेली नाही, धूर नको वाटतो. खाऊन घेतलं तर चालेल का? फुलं तशीच चावून खाल्ली तर?

मातीचा वास:

तशीच खाल्लीत तर फारसं काही होणार नाही. झाडात असतं ते टीएचसीए. उष्णतेने त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की टीएचसी होतं. म्हणून आधी ओव्हनमध्ये ११० अंशांच्या आसपास पाऊण तास मंद तापवतात आणि मग तुपात किंवा तेलात उतरवतात.

पण खाण्यात मापाची काळजी कितीतरी जास्त लागते. हिशेब असा. एक ग्रॅम फुलांत १० टक्के टीएचसीए असेल, तर ते १०० मिलिग्रॅम. तापल्यावर त्याचं जास्तीत जास्त ८८ मिलिग्रॅमच्या आसपास टीएचसी होतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने अडीच मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. म्हणजे एका ग्रॅमच्या तुपाचे पस्तीसेक भाग पाडायचे! घरच्या फुलांचा टक्का तुम्हाला नेमका ठाऊक नसणार, म्हणून पाकिटावर लिहिलेला सगळ्यात मोठा आकडा धरून हिशेब करा. तूप नीट ढवळून घ्या, नाहीतर एका कोपऱ्यात सगळं साचतं.

खाल्ल्यावर असर दिसायला अर्धा तास ते दोन तास लागतात. याच वेळात "काहीच झालं नाही" म्हणून माणूस दुसरा तुकडा घेतो, आणि पुढचे सहा-आठ तास अवघड जातात. यकृतात टीएचसीचं रूप बदलतं आणि ते जास्त जोरकस असतं, त्यामुळे धुराचा अंदाज इथे लागू पडत नाही. त्या संध्याकाळी दुसरा तुकडा घ्यायचाच नाही. पाळी दुसऱ्या दिवशी सकाळची असेल तर ती संध्याकाळ सोडून द्या.

धूर नको आणि माप हाताशी हवं, तर सुक्या फुलांचा व्हेपोरायझर, म्हणजे फुलं न जाळता नुसती तापवून वाफ देणारं यंत्र, तुम्हाला जास्त जमेल. १८० अंशांच्या आसपास ठेवा, एक झुरका घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. वासही त्यातच सगळ्यात स्वच्छ कळतो. तूप केलंतच, तर डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून कुलपात ठेवा. मुलं आणि पाहुणे दोघांनाही ते साधं तूपच वाटतं.