डोकं, मान आणि चक्कर: सगळं 'सर्व्हायकल'चंच का?

तिरफळ

वहिनीसाठी विचारतोय. वय ४१, सूतगिरणीच्या हिशेबखात्यात काम, दिवसाचे ८-९ तास लॅपटॉपसमोर. दीड वर्षापासून डोकं दुखतंय, आता महिन्यातले १२-१४ दिवस. कवटी मानेला टेकते तिथून सुरू होतं आणि उजव्या डोळ्यामागे जाऊन बसतं. उजेड नकोसा होतो, मळमळतं. उलटी झाली की बरं वाटतं, म्हणून घरात सगळे पित्तच म्हणतात. मान आणि खांदे कायम भरून आलेले. दोन महिन्यांपासून चक्करही येते.

एक्स-रेत 'मानेचा बाक सरळ, सी५-सी६ (मानेचा पाचवा-सहावा मणका) मधलं अंतर कमी, कडांना हाड वाढलेलं' असं आलं. सर्व्हायकल स्पाँडिलोसिस (मानेच्या मणक्यांची झीज) म्हणून गळ्याला पट्टा आणि बीटाहिस्टीन ही चक्करेची गोळी, १६ मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा चालू आहे. बीपी १२२/८०, साखर ठीक, हिमोग्लोबिन १०.४. हे सगळं मानेचंच आहे का? एमआरआय करावा का? आणि पट्टा किती दिवस घालायचा?

रानजाई

एक्स-रेपासून सुरुवात करते, कारण घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो. चाळिशीनंतर मणक्यांतलं अंतर कमी होणं, कडांना हाड वाढणं हे केस पिकण्यासारखं आहे. मान अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एक्स-रेतही ते सर्रास दिसतं. 'बाक सरळ' तर फोटो काढताना हनुवटी जरा आत घेतली तरी दिसतो.

दुसरं, सी५-सी६ पाशी नस दबली तर दुखणं दंडातून अंगठ्याकडे उतरतं, डोक्याकडे चढत नाही. मानेतून डोक्यात जाणारं दुखणं वरच्या तीन मणक्यांच्या पातळीवरचं असतं. म्हणजे एक्स-रेत जे दिसलं त्याचा आणि डोकेदुखीचा पत्ताच जुळत नाही.

मग मानेतून सुरू का होतं? मानेच्या वरच्या तीन नसा आणि डोळा-कपाळाची नस मेंदूच्या देठाशी एकाच ठिकाणी निरोप पोचवतात. त्यामुळे मानेचं दुखणं डोळ्यामागे जाणवू शकतं आणि अर्धशिशीचं मानेत. अर्धशिशीत मान दुखणं अगदी नेहमीचं आहे, कित्येकदा डोकं ठणकायच्या आधी मानच आखडते. मळमळ, उजेड-आवाज सहन न होणं, जिना चढताना ठणका वाढणं, गोळी घेतली नाही तर ४ ते ७२ तास चालणं, हे सगळं अर्धशिशीचं वर्णन आहे. आपल्याकडे 'पित्ताची डोकेदुखी' म्हणतात तीही बव्हंशी हीच. उलटीनंतर उतरते म्हणून पित्ताला बोल लावायचा, एवढंच.

खरोखर मानेची डोकेदुखी असेल तर ती मान वळवल्याने सुरू होते, बाजू बदलत नाही आणि मान एका बाजूला कमी वळते. फिजिओथेरपिस्ट उताणं झोपवून हनुवटी छातीला टेकवतात आणि मग मान दोन्हीकडे वळवून पाहतात. एरवी ती ४०-४५ अंश वळते. दुखऱ्या बाजूला १० अंशांहून जास्त कमी भरली तर मानेवर संशय घ्यायचा.

पट्टा काढा. मार लागला नसेल, हाड मोडलेलं नसेल तर रोज पट्टा घालून मानेचे स्नायू आळशी होतात आणि आखडणं वाढतं.

खलबत्ता

पुढे जाण्याआधी तीन गोष्टी सांगा. महिन्यात किती *दिवस* वेदनाशामक गोळी घेतली जाते? गोळीच्या पाकिटामागे घटक काय लिहिलेत? आणि नुसतं डोकं जड असलेले दिवसही धरले तर महिन्याचा आकडा किती होतो?

भिंगरी

आणि चक्कर म्हणजे नेमकं काय? मराठीत याला इतके शब्द आहेत ते उगाच नाहीत. घर गरगर फिरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, चालताना तोल जातो की नुसतं डोकं हलकं वाटतं? किती वेळ टिकते: सेकंद, मिनिटं की तास? कूस बदलताना येते का?

तिरफळ

विचारून आलो. गेल्या महिन्याच्या रिकाम्या पट्ट्या मोजल्या. पॅरासिटामॉल + प्रोपिफेनाझोन + कॅफीनच्या २२ गोळ्या, शिवाय एर्गोटामिन (अर्धशिशीवरचं जुनं औषध) असलेल्या ५. साधारण १७ दिवस काही ना काही घेतलं गेलं, आणि असं सहा-सात महिने चालू आहे. जड डोक्याचे दिवस धरले तर १९-२०.

चक्कर गरगरणारी आहे. पहाटे उजव्या कुशीवर वळलं की छप्पर फिरतं, १५-२० सेकंदांत थांबतं. फडताळातला वरचा डबा काढायला मान वर केली तरी येते. डॉक्टरांना एवढंच सांगितलं होतं, 'मान हलवली की चक्कर येते'.

भिंगरी

शेवटच्या वाक्यातच चूक झाली. मान हलवताना डोकंही हलतं आणि डोक्यात कान असतो! हे वर्णन कानाच्या आतल्या भागातल्या खड्यांचं आहे. चुनखडीचे सूक्ष्म कण आपल्या जागेवरून सुटून कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांपैकी एकीत शिरतात. डोकं विशिष्ट कोनात गेलं की ते घरंगळतात आणि नळीतला द्रव हलवतात. कण बसले की चक्कर थांबते, म्हणून ती एका मिनिटाच्या आत संपते.

घरी फरक ओळखायचा असेल तर त्यांना डोकं आणि धड एकत्र ठेवून, लाटणं फिरतं तसं, उजवीकडे वळायला सांगा. मान अजिबात पिळली गेली नाही आणि तरी छप्पर फिरलं, तर मान निर्दोष. उलट, फिरत्या खुर्चीत बसवून कोणी डोकं स्थिर धरायचं आणि खुर्ची सावकाश वळवायची. यात मान वळते पण कान जागचा हलत नाही; यात गरगरलं तरच मानेवर संशय.

पक्कं निदान कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे होतं. डोकं ४५ अंश वळवून झटकन मागे झोपवतात आणि डोळ्यांची थरथर पाहतात. ती काही सेकंद उशिरा सुरू होते आणि मिनिटाच्या आत थांबते. उपचार म्हणजे एपली युक्ती. उजव्या मागच्या नळीसाठी ती अशी: पलंगावर पाय पसरून बसायचं, झोपल्यावर खांद्यांखाली येईल अशी उशी मागे. डोकं ४५ अंश उजवीकडे. तसंच झटकन मागे झोपायचं, डोकं जरा खाली लोंबलेलं. चक्कर थांबेपर्यंत, किमान ३० सेकंद, थांबायचं. डोकं न उचलता ९० अंश डावीकडे, पुन्हा तेवढंच थांबायचं. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे. पुन्हा थांबून, पाय खाली सोडून डाव्या बाजूने उठून बसायचं.

फसते कुठे? चुकीची बाजू धरली जाते. दोन पायऱ्यांच्या मध्ये डोकं उचललं जातं आणि कण मागे येतात. किंवा चक्कर आली की घाबरून माणूस अर्ध्यावर उठतो. खडे आडव्या नळीत असतील तर युक्तीच वेगळी लागते. मान इतकी आखडलेली असताना पहिली वेळ डॉक्टरांकडेच करा. त्यानंतर एक-दोन दिवस जमीन कापसासारखी वाटते, त्याची काळजी नको. बसून झोपायची गरज नाही. ड जीवनसत्त्व मात्र तपासा, ते कमी असेल तर हे परतून येण्याची शक्यता वाढते.

बीटाहिस्टीनने खडे हलत नाहीत. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारख्या गोळ्या उलटी थांबवायला दोन-तीन दिवस ठीक. महिनोन् महिने घेतल्या तर मेंदूचं तोल सावरायला शिकणं मंदावतं, आणि वयस्कर माणसांचे हात कापायला लागतात, चाल जड होते.

खडे गेले तरी डोकेदुखीच्या दिवशी पाच मिनिटांपासून काही तासांपर्यंत गरगरत राहिलं तर ती अर्धशिशीचीच चक्कर असू शकते. तेही डॉक्टरांना सांगा.

खलबत्ता

१७ दिवस. इथे दुखण्याचा दुसरा पदर आहे. साधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, नाप्रोक्सेनसारखी गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळी, एर्गोटामिन किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीवरच्याच खास गोळ्या) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की मूळ अर्धशिशीच्या जोडीला गोळ्यांमुळे होणारी डोकेदुखी उभी राहते. दिवस मोजतात, गोळ्या नाही. एका दिवसात तीन घेतल्या तरी तो एकच दिवस.

सोडायच्या कशा? वरच्या दोन्ही प्रकारच्या गोळ्या एकदम बंद करता येतात. ट्रॅमाडॉल, कोडीन किंवा झोपेची गोळी असती तर डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू उतरवावी लागली असती, पाकिटं पुन्हा एकदा तपासा. बंद केल्यावर २ ते १० दिवस डोकं आणखी दुखतं, मळमळतं, झोप उडते, चिडचिड होते. बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या दिवशी 'एकच घेते' म्हणून परत सुरू करतात. म्हणून वर्षअखेरीचे हिशेब, घरचं लग्न असले आठवडे टाळा. खरा फरक एक-दोन महिन्यांत कळतो. गोळ्यांत कॅफीन होतं, त्यामुळे त्याच आठवड्यात चहा तोडू नका. दोन कप, ठरलेल्या वेळी. रविवारी उशिरा उठून चहा लांबला की डोकं दुखतं, त्यातही कॅफीन न मिळाल्याचा भाग असतो.

त्याच वेळी प्रतिबंधक औषध सुरू करायला न्यूरॉलॉजिस्ट किंवा जाणत्या फिजिशियनला सांगा. अमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅमपासून, किंवा प्रोप्रॅनोलॉल (दमा असेल तर अजिबात नाही), असे पर्याय असतात. ही औषधं रोजची आहेत, दुखल्यावर घ्यायची नाहीत. आठ ते बारा आठवडे दिल्याशिवाय 'लागू पडलं नाही' म्हणू नये. पंधरा दिवसांत डॉक्टर बदलणं हा आपला राष्ट्रीय खेळ आहे.

पुढे दुखेल तेव्हा: आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस, पण सुरुवातीलाच आणि पुरेशा मात्रेत. पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, किंवा अल्सर-मूत्रपिंडाचा त्रास नसेल आणि गरोदरपण नसेल तर नाप्रोक्सेन ५०० काहीतरी खाऊन. अर्धशिशीत जठर मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते. तासाभराने अर्धी गोळी घेतली तर काहीच होत नाही, मग आणखी एक घेतली जाते आणि आकडा वाढतो. मळमळ जास्त असेल तर उलटीची गोळी सोबतच लिहून घ्या.

वहीत पाचच रकाने: तारीख, किती तास, किती तीव्र (१० पैकी), कोणती गोळी, पाळी. जड डोक्याचे दिवसही लिहायचे. तुमच्या १२-१४ चे २० झाले ते असेच.

हिमोग्लोबिन १०.४ विसरू नका. पाळीत रक्त जास्त जातं का विचारा, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि बी१२ तपासून घ्या. लोहाची गोळी चहाच्या आगेमागे घेतली तर अंगी लागत नाही.

पाटीपेन्सिल

मानेला सलूनमधल्यासारखा किंवा हाडवैद्याकडचा झटका देऊ नका, कितीही मोकळं वाटत असलं तरी. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणारी धमनी मणक्यांच्या छिद्रांतून वर जाते. झटक्याने तिचा आतला पदर फाटला तर गुठळी होऊन पक्षाघात येऊ शकतो, कधी लगेच, कधी दोन-चार दिवसांनी.

याआधी कधीच नव्हतं असं मानेचं एकाएकी दुखणं आणि सोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोबडं बोलणं, गिळताना ठसका, एका बाजूला बधिरपणा, किंवा उभंच राहता न येणं: यातलं एक जरी असलं तरी १०८. गुठळी विरघळवण्याचं औषध सुरुवातीपासून साडेचार तासांतच देता येतं, 'सकाळी बघू' म्हणायला वेळ नसतो. क्षणात टोकाला गेलेली डोकेदुखी, तापासोबत ताठरलेली मान, डोक्याला मार, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेलं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आलेलं दुखणं, यांनाही थांबू नका. एमआरआय अशा वेळी किंवा हातापायांत कमजोरी, चालीत बदल असेल तेव्हा. तुमच्या वर्णनावरून तो आधी न्यूरॉलॉजिस्टच्या तपासणीवर सोडावा.

रानजाई

मानेचे स्नायू भरून आलेत ते खरंच आहे, तेही सोडवायला हवेत. डोक्याखाली घडी केलेला पंचा घेऊन उताणं झोपायचं. डोकं न उचलता 'हो' म्हणावं इतकीच बारीक मान डोलवून हनुवटी आत, १० सेकंद, असं १० वेळा, दिवसातून दोनदा. दोन बोटं गळ्याच्या बाजूला ठेवा. तिथली जाड दोरी ताठ झाली तर जोर जास्त लागतोय, म्हणजे चुकीचा स्नायू काम करतोय. मग बसून खांद्यांची पाती मागे-खाली ओढणं, तेवढंच. निदान सहा आठवडे. मान गोल गोल फिरवणं नको, खडे असेपर्यंत तर मुळीच नको.

लॅपटॉप वह्यांच्या गठ्ठ्यावर चढवून वरची कड डोळ्यांच्या पातळीला, कीबोर्ड वेगळा. मात्र चष्मा दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर हे उलटं पडतं. वाचायची काच खाली असते, माणूस हनुवटी वर करून पाहतो आणि मान मागून दुमडते. तेव्हा पडदा खाली घ्या किंवा संगणकासाठी वेगळा चष्मा करा.

तिरफळ

पट्टा आजपासून बंद. कान-नाक-घसावाल्यांची वेळ घेतली आहे, न्यूरॉलॉजिस्टची पुढच्या आठवड्यात. एकच राहिलं: गुरुवारचा उपवास असतो, गोळ्या सोडताना चालेल का?

खलबत्ता

त्या दहा दिवसांत नको. उपाशी राहणं अर्धशिशीला हमखास चेतवतं. नंतर करायचाच असेल तर दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात हवं: सकाळी राजगिऱ्याचा लाडू आणि दूध, दुपारी भगर-आमटी, मध्ये ताक, आणि पाणी नेहमीइतकंच. संध्याकाळपर्यंत फक्त चहावर काढलेला उपवास सगळ्यात वाईट.