आठवड्याला दोनदा पोहायला टँकवर जातो, वेळ काही हलेना. अंतर वाढवू की दिवस?

कोथरूडचा कासव:
नमस्कार मंडळी. वय ४३, नोकरी बँकेत. पोहायला शिकलो आजोळच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. त्यामुळे बुडत नाही, पण पुढेही फारसा सरकत नाही. गोव्याच्या हाफ आयर्नमॅन शर्यतीची तयारी चालू आहे: १.९ किमी पोहणे, ९० सायकल, २१.१ धावणे. रविवारी सायकलवर बोपदेव घाट होतो, वेताळ टेकडीवर पळणंही होतं. घोडं अडलंय पाण्यात.

मंगळवार-शुक्रवार सकाळी ६ ची बॅच, ४५ मिनिटांची. त्यातून शॉवर, गॉगल आणि भिंतीला टेकून राजकारण बोलणारे दोन आजोबा वजा केले की ३५ मिनिटं उरतात. १२०० मीटर होतात. फेब्रुवारीपासून १०० मीटरला २:४०, एक सेकंद कमी नाही. मित्र म्हणतो, रविवारी बालेवाडीच्या ५० मीटर टँकवर एकदम ३ किमी हाण. बायको म्हणते, घरी असतोस तरी कधी. आठवड्याला नक्की किती पोहलं की फरक पडतो?

घाटमाथा:
साहेब, सोडा हो. पोहून बाहेर यायचा कट-ऑफ, म्हणजे शेवटची मुदत, १ तास १० मिनिटांचा आहे. २:४० ने तुम्ही ५१ मिनिटांत बाहेर. जीव काढून २:२० केलंत तरी वाचणार सहा मिनिटं आणि काही सेकंद. तेवढी सायकलवर काढाल. आणि भरपूर पोहून भरपूर वेग येतो असंही नाही. डेव्हिड कॉस्टिल या अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये कॉलेजच्या जलतरणपटूंचे दोन गट केले होते. एका गटाला सहा आठवडे दिवसातून दोनदा, दीड-दीड तास पोहायला लावलं, दुसऱ्याला एकदाच. दुप्पट पोहलेल्यांना जास्तीचं काहीच मिळालं नाही.

ओली वही:
घाटमाथा, अभ्यास खरा आहे, पण तो लागू कुणाला करताय? ती मुलं लहानपणापासून पाण्यात वाढलेली, हात पाण्यात कसा टाकायचा हे अंगात मुरलेलं. आपण मोठेपणी फ्रीस्टाइल शिकलेली माणसं. आपला दम कमी पडत नाही, आपला हात पाणी विसरतो.

कासवराव, माझी वही उघडते. मी तिशी उलटल्यावर शिकले, आणि टँकवरून आले की चहा टाकायच्या आधी आकडे लिहायचे ही खोड आहे.

पहिले पाच महिने: आठवड्याला दोन दिवस, अडीच किमी. २:४८ वरून २:४४.
पुढचे तीन महिने: दिवस दोनच, पण तुमच्या मित्रासारखाच कुणाचा तरी सल्ला ऐकून रविवारी लांबलचक पोहणे, एकूण ४ किमी. २:४१. शेवटचा किलोमीटर म्हणजे नुसते हात मारणं, आणि सोमवारी ऑफिसात मान वळेना.
त्यापुढचे तीन महिने: तेच ४ किमी, फक्त चार दिवसांत वाटलेले, रोज हजार मीटर. २:२६.

अंतर तेवढंच, आणि पंधरा सेकंद गेले. अर्थात आधीच्या आठ महिन्यांचंही त्यात काही असणार, सगळं श्रेय चार दिवसांना देत नाही. पण एक गोष्ट बोटांनाच कळली. दोनच दिवस जायचे तेव्हा पहिले दहा मिनिटं पाणी हातातून निसटायचं, आणि जरा पकड बसते न बसते तोच शिट्टी. एक दिवसाआड जायला लागल्यावर पहिल्याच लॅपला तळहाताखाली पाणी जड लागायला लागलं.

मग मला वारं शिरलं. सहा दिवस, ८ किमी, तेही एका आठवड्यात उडी मारून. उजवा खांदा असा धरला की केस विंचरता येईनात. तीन आठवडे पाण्याबाहेर, आणि फिजिओचं बिल वेगळं. तेव्हा दिवस वाढवा, पण प्रत्येक दिवसाचं अंतर आधी कमी करून. सध्याच्या दोन बाराशेचे तीन आठशे करा. महिनाभर खांदा गप्प राहिला तर चौथा दिवस.

आणि फक्त १०० चा वेळ बघू नका. महिन्यातून एकदा जोर लावून ४०० पोहा, नीट दम घ्या, मग २००. दोन्ही वेळांची वजाबाकी करून निम्मं करा. ४०० ला १०:२०, २०० ला ४:५० असेल तर फरक ५:३०, म्हणजे तुमचा टिकणारा वेग २:४५. त्या वेगाने शंभराचे आठ तुकडे, मध्ये २० सेकंद थांबून. सरळ ८०० ओढण्यापेक्षा यात हात शेवटपर्यंत शाबूत राहतो.

टँकवरचा काका:
वहीवाल्या ताईंचं बरोबर आहे. पण कुणी विचारलंच नाही की याचे पाय कुठे असतात. विहिरीत शिकलेले सगळे मान वर काढून पोहतात. मान वर की कंबर खाली, कंबर खाली की पाय नांगर. पाणी हवेच्या आठशेपट दाट, आणि वेग दुप्पट करायला गेलात तर ते चौपट अडवतं. नांगर टाकून आठवड्याला १० किमी पोहलात तरी नांगरच पक्का होईल. २५ मीटरला हात किती पडतात ते मोजून सांगा. आणि कुणाला तरी काठावरून व्हिडिओ काढायला लावा, बाजूने.

आणखी एक. गोव्याचं पाणी कोमट, वेटसूटच्या (थंड पाण्यात घालायचा, अंग तरंगवणारा रबरी सूट) भरवशावर राहू नका. पाय तुमचे तुम्हालाच वर ठेवायचेत. खारं पाणी थोडं उचलून धरतं, पण तिथे भिंत नाही. २५ मीटरच्या टँकमध्ये १.९ किमीला तुम्ही ७५ वेळा भिंतीला लाथ मारून फुकटचे दोन-तीन मीटर कमावता. समुद्रात ते मिळणार नाहीत, म्हणून २:४० मध्ये थोडी भर धरा.

कोथरूडचा कासव:
काका, आज मोजले. २५ मीटरला २७ हात. व्हिडिओ मुलीने काढला, आणि वर म्हणाली, "बाबा, तू जिना चढतोयस का?" पाय खरंच अर्धा फूट खाली आहेत. शिवाय डावा हात डोक्यापुढून पार उजवीकडे जातो, हे मला आजवर माहीतच नव्हतं.

बालेवाडी रद्द. मंगळ-गुरू-शनि, आठशे-आठशे. शनिवारच्या बॅचला गर्दी मरणाची असते, पण आजोबा शनिवारी येत नाहीत म्हणे.

ओली वही:
२७ चे २४ झाले की इथे लिहा. आणि ४००-२०० ची चाचणी शनिवारी नको, गर्दीत लेन मिळणार नाही. गुरुवारी करा.