मदत हवी आहे: अॅम्लोडिपिन बंद करून टेल्मिसार्टन, बीपी कधी स्थिरावतं?

नाशिक, सिडको. आई ६४ वर्षांची, मधुमेह आहे. दोन वर्षं बीपीची गोळी अॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ चालू होती. बीपी १३०/८० राहायचं, पण घोटे इतके सुजायचे की संध्याकाळी चप्पल पायात शिरत नसे. मीठ कमी केलं, पाय उशीवर ठेवले, फरक नाही. ती गोळी रक्तवाहिन्या सैल करते, त्यातून सूज येते, असं सांगून डॉक्टरांनी तिच्या जागी बीपीचीच दुसरी गोळी, टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ दिली. मधुमेहात किडनीलाही ती बरी म्हणाले. आज बारावा दिवस. सूज उतरली (केवढं हायसं वाटलं!), पण सकाळचं बीपी १४८/९०. मशीन दवाखान्यातल्याशी ताडून पाहिलंय. नव्या गोळीने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून पोटॅशियम-क्रिएटिनिनची (किडनीची) रक्ततपासणी पुढच्या आठवड्यात, तोवर पोटॅशियम असलेलं नारळपाणी बंद. डोस मनाने बदलणार नाही. तुमच्या घरी असाच बदल झाला असेल, तर बीपी खाली यायला किती आठवडे लागले, की डॉक्टरांनी डोस वाढवला?